तुमचे प्रश्न : मेक्सिकोचा मिडलवेट बेल्ट आणि त्याचे चॅम्पियन

मागच्या अंकात लुचा लिब्रेवर, म्हणजे मेक्सिकोच्या त्या मास्कवाल्या कुस्तीवर, एका वाचकाला छोटंसं उत्तर दिलं होतं. तेवढ्यावर इतके मेल आणि मेसेज आले की या वेळी सगळं सदर त्यालाच देतोय. बहुतेकांना बेल्टबद्दल विचारायचंय. तिथे बेल्ट ढीगभर आहेत, सगळ्यांची यादी देत बसलो तर कुणालाच काही लक्षात राहणार नाही, म्हणून मी एकच धरतो, वर्ल्ड मिडलवेटचा. माझ्या मते मेक्सिकोच्या कुस्तीत जे जे मोठं घडलं ते या ना त्या वाटेने या बेल्टला शिवून गेलंय.

सर, मी लहानपणापासून डब्ल्यूडब्ल्यूई बघतोय, तिथे हेवीवेट चॅम्पियन म्हणजे सगळ्यात मोठा माणूस. मग मेक्सिकोत तुम्ही मिडलवेटला एवढा भाव का देताय? (एक वाचक, सांगली)

कारण मेक्सिकोने दिलाय म्हणून. अमेरिकेत कुस्तीचा धंदा उभा राहिला तो धिप्पाड माणसांवर, सहा फुटाच्या वरचा आणि शंभर किलोच्या पुढचा गडी असला की पोस्टरवर तोच. मेक्सिकोत तशी शरीरं कमी, तिथले पैलवान मध्यम बांध्याचे, पण अंगात चपळाई अशी की बघत राहावं, आणि जमिनीवरच्या पकडी सुद्धा तेवढ्याच पक्क्या, त्यामुळे प्रमोटरने स्टार बनवले ते वेल्टरवेट, मिडलवेट आणि लाइट हेवीवेट या मधल्या गटांमधूनच. नियमात मिडलवेट म्हणजे ८२ ते ८७ किलो. आता हे काटेकोर पाळतात का, तर नेहमी नाही, दोन-चार किलो इकडेतिकडे चालून जातात, पण ढोबळ गट तोच राहतो.

हेवीवेट बेल्ट तिथे नव्हता असं नाही हं. उलट नॅशनल हेवीवेट हाच मेक्सिकोतला सगळ्यात जुना बेल्ट, १९२६ साली फ्रान्सिस्को आग्वायो पहिला चॅम्पियन. पण हेवीवेटला खरी चमक आली ती १९७५ नंतर, जेव्हा यूडब्ल्यूए नावाची नवी कंपनी निघाली आणि त्यांनी त्यांच्या वर्ल्ड हेवीवेट बेल्टसाठी पहिला चॅम्पियन म्हणून थेट लू थेझला आणलं. जुन्या मुंबईकरांना हे नाव माहीत असणार, १९६८ साली मुंबईत दारा सिंगने ज्याला हरवलं तोच हा लू थेझ. त्याला १९७८ मध्ये एल कानेक या मास्कवाल्या पोराने हरवलं तेव्हा थेझ ६२ वर्षांचा होता, आणि कानेक पुढे तोच बेल्ट पुन्हा पुन्हा जिंकत राहिला. असो, तो विषय वेगळा, आपण मिडलवेटवर येऊ.

बेल्टवर एनडब्ल्यूए असं अमेरिकन नाव का? हा बेल्ट मुळात मेक्सिकोचा आहे की अमेरिकेचा? (एक वाचक, नाशिक)

मुळात अमेरिकेचाच. पण जन्म कुठे झाला आणि नाव कुणी काढलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साल्वादोर लुत्तेरोथ नावाचा एक माणूस होता, कर खात्यात इन्स्पेक्टर, त्याची नेमणूक होती स्यूदाद हुआरेसला, म्हणजे अगदी बॉर्डरवर. नदी ओलांडली की अमेरिकेतलं एल पासो. तिथे १९२९ च्या आसपास त्याने पहिल्यांदा प्रोफेशनल कुस्ती बघितली आणि त्याच्या डोक्यातून ती जाईच ना. शेवटी एका पार्टनरला घेऊन त्याने मेक्सिको सिटीत ईएमएलएल नावाची कंपनी काढली आणि २१ सप्टेंबर १९३३ ला अरेना मोदेलो नावाच्या हॉलमध्ये पहिला शो केला. तीच कंपनी आजही चालू आहे, आता नाव सीएमएलएल, आणि जगातली सगळ्यात जुनी चालू कुस्ती कंपनी म्हणून तिचंच नाव घेतात.

सुरुवातीला लुत्तेरोथ बरेचसे पैलवान अमेरिकेतून आणायचा. त्यातलाच एक गस कॅलिओ, त्या काळातला नावाजलेला मिडलवेट वर्ल्ड चॅम्पियन. त्याला १९३९ साली ऑक्ताव्हिओ गाओनाने मेक्सिको सिटीत हरवलं आणि वर्ल्ड मिडलवेट बेल्ट पहिल्यांदा एका मेक्सिकन माणसाच्या कमरेला बसला. गाओनाचं नाव आज फारसं कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तोपर्यंत मेक्सिकन प्रेक्षकांना परदेशी चॅम्पियन बघायची सवय होती, आपला माणूस जगाचा चॅम्पियन होऊ शकतो हे त्याने दाखवलं. त्याच्यानंतर तार्सान लोपेस आला आणि त्याने चाळीसचं दशक गाजवलं, २ एप्रिल १९४३ ला अरेना कोलिसेओ हा नवा मोठा हॉल उघडला तेव्हा मेन मॅच होती तार्सान लोपेस विरुद्ध एल सान्तो. सान्तो तेव्हा नवखा, नाव होतं ते तार्सानचं.

आता एनडब्ल्यूएचं. ही संघटना १९४८ साली अमेरिकेत आयोवा राज्यात निघाली, वेगवेगळ्या भागांतले प्रमोटर एकत्र आले आणि एकमेकांचे चॅम्पियन मानायचे असं ठरवलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला लुत्तेरोथ त्यांना जाऊन मिळाला आणि मग तोच जुना बेल्ट एनडब्ल्यूए वर्ल्ड मिडलवेट या नावाने चालू झाला. नाव अमेरिकन, पण तो कुणी जिंकायचा, कुठे खेळायचा हे सगळं ठरायचं मेक्सिको सिटीत.

माझ्या मुलाला सान्तोचं भयंकर वेड आहे, घरभर चंदेरी मास्क घालून फिरतो. हा सान्तो खरंच चॅम्पियन होता का, की फक्त सिनेमातला हिरो? (एक आई, ठाणे)

ताई, मुलाला सांगा की सिनेमे नंतर आले, आधी रिंग. रोदोल्फो गुस्मान हुएर्ता हे त्याचं खरं नाव, जन्म १९१७ चा, इदाल्गो राज्यातल्या तुलानसिंगो गावचा. आधी तो वेगवेगळ्या नावांनी खेळायचा, जुलै १९४२ मध्ये चंदेरी मास्क घालून एल सान्तो म्हणून उतरला. नॅशनल वेल्टरवेट, नॅशनल मिडलवेट, वर्ल्ड वेल्टरवेट आणि आपला हा वर्ल्ड मिडलवेट, हे सगळे बेल्ट त्याने जिंकले, काही तर अनेकदा. पन्नासच्या वर सिनेमे केले, पण त्या काळातही तो आठवड्याच्या आठवड्याला रिंगमध्ये असायचा.

आणि एक गोष्ट मुलाला कदाचित आवडणार नाही, पण सांगाच. सान्तो सुरुवातीची वीस वर्षं रुदो होता, म्हणजे नियम मोडणारा, चावणारा, मास्क ओढणारा व्हिलन. १९६२ मध्ये तो तेक्निको झाला, सज्जन बाजूला आला. त्याच्या रुदो काळातलीच ब्लू डेमनबरोबरची दुश्मनी आहे आणि माझ्या मते बेल्टची सगळ्यात चांगली गोष्ट तीच, जरी ती मिडलवेटची नसून त्याच्या खालच्या वेल्टरवेटची असली तरी.

झालं असं की ७ नोव्हेंबर १९५२ ला सान्तोने ब्लॅक शॅडोचा मास्क जिंकला. मॅच तासाभराच्या वर चालली म्हणतात. ब्लॅक शॅडो आणि ब्लू डेमन हे जोडीने खेळायचे, भाऊ म्हणून ओळखले जायचे, आणि भावाचा चेहरा असा सगळ्यांसमोर उघडा पडल्यावर ब्लू डेमन रुदो बाजू सोडून तेक्निको झाला आणि सान्तोच्या मागे हात धुऊन लागला. १९५३ मध्ये त्याने सान्तोकडून वर्ल्ड वेल्टरवेट बेल्ट घेतला. नुसता घेतला नाही, १९५८ मध्ये कार्लोफ लागार्देने हरवेपर्यंत जवळपास पाच वर्षं सांभाळला. सान्तोला रिंगमध्ये सरळ हरवून बेल्ट नेणारा म्हणून ब्लू डेमनची जी उंची आहे ती कुठल्याही सिनेमाने कमी होत नाही. सिनेमात दोघं मित्र म्हणून दिसतात, पण ब्लू डेमनचे चाहते आजही १९५३ विसरत नाहीत.

सान्तो ५ फेब्रुवारी १९८४ ला गेला. त्याला मास्कसकटच दफन केलं.

नमस्कार. मी स्वतः तालमीत घाम गाळलेला माणूस आहे. तिकडे निकाल आधीच ठरलेला असतो हे सगळ्या जगाला माहीत आहे, मग चॅम्पियन कसला आणि इतिहास कसला? (एक वाचक, कोल्हापूर)

दादा, प्रश्न रोखठोक आहे म्हणून उत्तरही तसंच देतो. हो, निकाल ठरलेला असतो. पण बेल्ट कुणाला द्यायचा हे ठरवताना कंपनी विचार काय करते ते बघा. चॅम्पियन तो, ज्याच्या नावावर पुढचं वर्षभर हॉल भरणार आहे, जो समोरच्याला सांभाळून तीन राउंड जोरात खेळू शकतो आणि ज्याच्या पकडीवर हॉलमधल्या जाणकार म्हाताऱ्यांचा विश्वास आहे. नाटक कंपनीत मुख्य भूमिका ज्याला मिळते त्याला संहिता माहीत असते, म्हणून गाणं काही आपोआप येत नाही.

शिवाय टायटल मॅच ही तिथे वेगळ्याच शिस्तीत होते. एरवी तीन विरुद्ध तीन असा धिंगाणा असतो, पण टायटलसाठी एकास एक, तीन राउंडमधले दोन जिंकायचे. मेक्सिको सिटीत सरकारी कमिशन आहे, बॉक्सिंग आणि कुस्ती दोन्ही त्यांच्याकडे, त्यांचा माणूस हजर असतो, नॅशनल बेल्टवर तर मालकीच त्यांची, कंपनीची नाही. समोरच्याचा मास्क ओढून काढला की डिसक्वालिफाय. मार्तिनेते म्हणून एक डाव आहे, माणसाला उलटं धरून डोक्यावर आपटायचं, त्यावर बंदीच आहे, केला की मॅच गेली. आणि गंमत बघा, एरवी नुसती मारामारी करणारा रुदो सुद्धा टायटल मॅचला पहिल्या राउंडमध्ये स्वच्छ पकडींची कुस्ती करतो, पाय धर, हात मुरड, सुट, परत धर. मॅटवरची ती दहा मिनिटं तुमच्यासारख्या तालमीतल्या माणसाने जरूर बघावीत, निकाल विसरून.

मॉन्टेरेचा रोलांदो व्हेरा हा याचं उत्तम उदाहरण. स्वतः वर्ल्ड मिडलवेट चॅम्पियन, पण त्याहून मोठा वस्ताद. ब्लू डेमनला त्याने तयार केलं, रेने ग्वाखार्दोला त्याने तयार केलं, आणि हा ग्वाखार्दो पुढे त्याच बेल्टचा साठ-सत्तरच्या दशकातला सगळ्यात मोठा चॅम्पियन झाला. रुदो होता, गर्विष्ठ चालीचा, लोक त्याला शिव्या घालायलाच तिकीट काढायचे, आणि पकडी अशा की शिव्या घालणारेही गप्प बसायचे. निकाल ठरवून देता येतो, ही तालीम ठरवून देता येत नाही.

एडी गेरेरोच्या घराण्याचा या बेल्टशी संबंध आहे असं कुठेतरी वाचलं, खरंय का? (कॉलेज विद्यार्थी, पुणे)

अगदी खरं. एडीचे वडील गोरी गेरेरो, चाळीसच्या दशकात वर्ल्ड मिडलवेट चॅम्पियन होते. सान्तो आणि गोरी जोडीने खेळायचे, त्या जोडीला ला पारेखा अतोमिका म्हणायचे. पाठीवर बसून हनुवटी मागे खेचायचा जो डाव सान्तोचा म्हणून जगभर गाजला तो गोरीचा आहे. गोरीचे चारही मुलगे, चावो, मांदो, हेक्टर आणि एडी, पैलवान झाले. एडीचा जन्म एल पासोचा, तेच गाव जिथे लुत्तेरोथने पहिल्यांदा कुस्ती बघितली होती. फेब्रुवारी २००४ मध्ये एडीने ब्रॉक लेसनरला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई बेल्ट जिंकला तेव्हा आपल्याकडच्या पोरांनीही टीव्हीसमोर उड्या मारल्या होत्या, पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला.

सर मी दहावीत आहे. टायगर मास्क जपानी आहे ना, मग तो मेक्सिकोचा चॅम्पियन कसा झाला? (एक विद्यार्थी, लातूर)

छान प्रश्न विचारलास. सातोरु सायामा हा जपानी मुलगा टायगर मास्क व्हायच्या आधी शिकायला म्हणून मेक्सिकोत गेला होता. जपानी कंपन्या आपली तरुण पोरं अशी बाहेर पाठवायच्या, तिकडे रोज मॅच खेळून ती पक्की व्हायची. सायामा ठेंगणा, हलका, प्रचंड वेगवान, म्हणजे मेक्सिकोला हवा तसाच. मार्च १९८० मध्ये त्याने रिंगो मेंदोसाला हरवून आपला हा मिडलवेट बेल्ट जिंकला, त्याच वर्षी एल सातानिकोने तो परत घेतला. मग एप्रिल १९८१ मध्ये टोकियोत सायामा वाघाचा मास्क घालून उतरला आणि पुढचं तुला माहीतच आहे. त्याच्या त्या उड्या लोकांना नवीन वाटल्या, पण त्यातलं बरंचसं मेक्सिकोत घोटून घेतलेलं होतं.

अजून एक नाव लक्षात ठेव, उल्तिमो द्रागोन. हा पण जपानी, योशिहिरो आसाई, पण घडला मेक्सिकोत. १९९६ मध्ये जपानमध्ये आठ वेगवेगळे बेल्ट एकत्र करून जे-क्राउन नावाचा किताब केला होता, त्यात मेक्सिकोचा एनडब्ल्यूए वर्ल्ड वेल्टरवेट पण होता, तो ऑक्टोबरमध्ये द्रागोनने जिंकला. मिडलवेट बेल्ट त्याच्याकडे होताच. डिसेंबरमध्ये अमेरिकेत डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीचा क्रुझरवेट बेल्ट पण जिंकला. एका माणसाकडे एकाच वेळी दहा बेल्ट! अंगभर, खांद्यावर, हातावर बेल्ट लटकवलेला त्याचा फोटो नेटवर सहज मिळेल, आधी अभ्यास कर आणि मग शोध.

एनडब्ल्यूए मिडलवेट आणि एनडब्ल्यूए हिस्टॉरिक मिडलवेट असे दोन बेल्ट दिसतात. भानगड काय आहे? (एक वाचक, न्यू जर्सी)

भानगडच आहे, आणि थोडी गुंतागुंतीची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मेक्सिकन कंपनी एनडब्ल्यूएमधून बाहेर पडली. पण तोपर्यंत तीन बेल्ट, वेल्टरवेट, मिडलवेट आणि लाइट हेवीवेट, इतकी वर्षं मेक्सिकोतच होते की कंपनीने ते स्वतःकडेच ठेवले आणि नावही तेच ठेवलं. १९९१ पासून कंपनीने स्वतःच्या नावाचे नवे वर्ल्ड बेल्ट काढले, त्यातल्या मिडलवेटचा पहिला चॅम्पियन ब्लू पँथर, म्हणजे एकाच हॉलमध्ये एकाच वजनाचे दोन वर्ल्ड चॅम्पियन. तरी जुन्याची किंमत उतरली नाही, अतलांतिससारखा माणूस तो कमरेला बांधून उतरायचा. २००० नंतरच्या दशकात मिस्तिको आणि अव्हेर्नो हे दोघं याच जुन्या बेल्टसाठी एकमेकांच्या मागे लागले होते. मिस्तिको म्हणजे तोच, जो २०११ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत सिन कारा म्हणून आला. तिथे त्याचं बस्तान नीट बसलं नाही, त्यावरून त्याला जोखू नका, अरेना मेक्सिकोत, म्हणजे कंपनीच्या मुख्य हॉलमध्ये, त्याच्या नावावर गर्दी ओसंडून वाहायची.

दरम्यान एनडब्ल्यूएने मेक्सिकोत स्वतःची शाखा काढली, तिच्या पुढे होता ब्लू डेमन ज्युनियर, ज्याने ऑक्टोबर २००८ मध्ये अॅडम पीअर्सला हरवून एनडब्ल्यूएचा मुख्य वर्ल्ड हेवीवेट बेल्ट जिंकला, तो जिंकणारा पहिला मेक्सिकन आणि पहिला मास्कवाला. या शाखेने म्हटलं की नाव आमचं आहे, बेल्ट परत करा. २०१० मध्ये हे टोकाला गेलं आणि ऑगस्टमध्ये सीएमएलएलने जुन्या तीन बेल्टच्या जागी तीन नवे आणले, नावात हिस्टॉरिक शब्द घालून. तेव्हाचा चॅम्पियन अव्हेर्नो होता, तोच नव्याचा पहिला चॅम्पियन झाला.

आता खरा वारसा कुणाकडे असं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. कागदावर नाव एनडब्ल्यूएचं असेल, पण गाओनापासूनची माणसं ज्या कंपनीच्या रिंगमध्ये, त्याच शहरातल्या प्रेक्षकांसमोर खेळली, वारसा तिथेच आहे. फक्त मालकीच्या भांडणात सत्तर वर्षांच्या नावाला हिस्टॉरिक असं शेपूट लागलं हे मला अजूनही खटकतं.

बायकांना यात काही स्थान आहे का, की सगळी पुरुषांचीच कहाणी? (एक वाचक, नागपूर)

स्थान त्यांनी स्वतः लढून मिळवलंय. मेक्सिको सिटीत बायकांच्या कुस्तीवर अनेक वर्षं बंदी होती, ती उठली १९८६ च्या अखेरीस. तोपर्यंत इर्मा गोन्सालेससारख्या मोठ्या पैलवान बाईला सुद्धा राजधानी सोडून बाकीच्या गावांमध्ये खेळावं लागायचं. म्हणजे सान्तो आणि ग्वाखार्दो ज्या अरेना मेक्सिकोत नाव कमवत होते तिचं दार उमेदीच्या काळात इर्माला बंद, हा अन्याय साधा नाही. १९९२ मध्ये सीएमएलएलने महिलांचा वर्ल्ड बेल्ट काढला, पहिली चॅम्पियन जपानची बुल नाकानो. यावर स्वतंत्र लिहायला हवं, पुढे लिहीन.

बेल्ट मोठा की मास्क? (एक वाचक, रत्नागिरी)

मास्क. बेल्ट हरलात तर पुढच्या वर्षी परत जिंकता येतो, मास्क हरलात की गेला. पैजेची मॅच असते तिथे, मास्क विरुद्ध मास्क किंवा मास्क विरुद्ध केस, मास्कवाला हरला की त्याने रिंगमध्येच मास्क काढायचा आणि आपलं खरं नाव सांगायचं, केस पणाला लावणारा हरला की त्याने डोक्यावरचे केस कापून घ्यायचे. पेर्रो आग्वायो हा पण मिडलवेट चॅम्पियन, राकट, लोकांचा लाडका, पण ऑक्टोबर १९७५ मध्ये सान्तोसमोर केस हरला आणि त्याची ती मॅच त्याच्या बेल्टपेक्षा जास्त लोकांना आठवते. अतलांतिसचंही तेच, त्याचे बेल्ट मोजायला बसतं कोण, पण १७ मार्च २००० ला त्याने व्हियानो तेर्सेरोचा मास्क जिंकला ती रात्र सगळ्यांना पाठ आहे. आणि हा हरणारा कुणी ऐरागैरा नाही, रे मेंदोसा या गाजलेल्या लाइट हेवीवेट चॅम्पियनचा मुलगा.

ऑफिसच्या कामासाठी मेक्सिको सिटीला चाललोय, एक शो बघायचाच आहे, कुठे जाऊ? (एक वाचक, बेंगळुरू)

शुक्रवार संध्याकाळ मोकळी ठेवा आणि अरेना मेक्सिकोला जा, दोक्तोरेस नावाच्या भागात आहे. जुन्या अरेना मोदेलोच्याच जागेवर १९५६ मध्ये बांधलेला, साधारण साडेसोळा हजार लोक बसतात, १९६८ च्या ऑलिम्पिकचं बॉक्सिंग इथेच झालं होतं. शुक्रवारचा शो सगळ्यात मोठा. सप्टेंबरमध्ये जात असाल तर कंपनीच्या वर्धापनदिनाच्या शोचं तिकीट आधीच काढून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. शक्य झालं तर शनिवारी अरेना कोलिसेओत पण डोकावा, तिथे रिंग प्रेक्षकांच्या अगदी जवळ आहे आणि पैलवान आपटला की आवाज छातीत येतो. जायच्या आधी त्या आठवड्याचं कार्ड, म्हणजे मॅचची यादी, बघून घ्या, त्यात टायटल मॅच लिहिलेली असेल तर जेवण सोडा पण ती सोडू नका, आणि पहिल्या राउंडला मोबाइल खिशात ठेवा.